मूठभर खेळण्यासाठी एवढी रांग का लागते?

१० जून २०२५ रोजी बीजिंगमधील एका लिलावात सुमारे १३१ सेंटीमीटर उंचीची, फिकट हिरव्या रंगाची एक बाहुली १० लाख ८० हजार युआनला विकली गेली. त्याच्या आधीच्याच महिन्यात, याच बाहुलीची तळहातावर मावणारी मऊ आवृत्ती विकणाऱ्या कंपनीला ब्रिटनमधल्या दुकानांतील तिची विक्री काही काळ थांबवावी लागली होती, कारण रांगेतल्या ग्राहकांमध्ये हाणामारीपर्यंत वेळ आली होती. या बाहुलीचे नाव लाबुबू. सशासारखे उभे कान, केसाळ अंग, प्लॅस्टिकचा गुळगुळीत चेहरा आणि त्यावर टोकदार दात दाखवणारे खोडकर हसू, असे तिचे रूप. पिशवीला अडकवायच्या एवढ्याशा खेळण्यासाठी मोठी माणसे पहाटेपासून उभी का राहतात, मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे का मोजतात आणि हे पैसे पुढे वसूल होतील असे त्यांना का वाटते, हे प्रश्न ज्यांना पडले आहेत त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यांतला पहिला प्रश्न सोपा आहे, शेवटचा मात्र खिशाशी संबंधित असल्यामुळे त्यावर मी अधिक थांबणार आहे.

मऊ खेळण्यांचे वेड किती जुने?

शंभर वर्षांहून जुने. जर्मनीतील गींगेन या गावी मार्गारेटे श्टाइफ यांनी १८८० मध्ये टाचण्या खोचण्यासाठी नमद्याचा छोटा हत्ती शिवला. मुलांनी तो खेळायला पळवला आणि त्यातून एक खेळण्यांचा कारखाना उभा राहिला. १९०२ मध्ये त्यांचे पुतणे रिचर्ड यांनी हातपाय हलणारे अस्वल तयार केले. त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास नकार दिला, त्यावर वर्तमानपत्रात व्यंगचित्र आले, आणि त्यांच्या ‘टेडी’ या लाडक्या नावाने अस्वलाचे खेळणे घरोघर पोचले. खेळण्याच्या कानातील धातूचे बटण हे अस्सलपणाचे चिन्ह म्हणून श्टाइफ कंपनीने १९०४ मध्ये लावायला सुरुवात केली. नकली मालाची डोकेदुखी तेव्हाही होतीच, हे त्यावरून दिसते.

म्हणजे मऊ खेळण्याची ओढ जुनीच आहे. नवीन आहे ती विकण्याची रीत.

ते इतके आवडते तरी का?

ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये असे मांडले की मोठे डोके, मोठे डोळे, गुबगुबीत गाल आणि आखूड हातपाय दिसले की माणसाच्या मनात सांभाळण्याची ऊर्मी आपोआप जागी होते. तान्ह्या मुलाचे हेच रूप असते. खेळणी बनवणारे हे प्रमाण नेमके साधतात. लाबुबूच्या तोंडात टोकदार दात आहेत, पण बाकी बांधणी बाळाचीच आहे, आणि या दोन गोष्टींच्या ओढाताणीमुळे ती नुसत्या गोड बाहुल्यांपेक्षा जास्त लक्षात राहते.

मोठ्या माणसांनी खेळणी घ्यावीत हेच अनेकांना पटत नाही. मला त्यात काही गैर वाटत नाही. इंग्लंडचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी गेल्या शतकाच्या मध्यात दाखवून दिले की लहान मूल एखादी गोधडी किंवा मऊ खेळणे उराशी धरते, तेव्हा आईपासून दूर राहण्याचे धैर्य ते त्यातून मिळवत असते. ही गरज वयाबरोबर पूर्णपणे संपते असे मानण्याचे कारण नाही. कोणी घड्याळे जमवतो, कोणी तिकिटे आणि नाणी. कोणी पिशवीला केसाळ बाहुली अडकवून कामावर जातो. हौसेला मोल नसते, आणि ती दुसऱ्याला पटवून देण्याची जबाबदारीही हौशी माणसावर नसते. ज्यावर बोलायला हवे तो भाग इथून पुढे सुरू होतो, कारण ही हौस आता एका अतिशय विचारपूर्वक आखलेल्या विक्रीपद्धतीच्या हाती गेली आहे.

बंद खोका म्हणजे काय?

हाँगकाँगमध्ये जन्मलेले आणि नेदरलँड्समध्ये वाढलेले चित्रकार कासिंग लुंग यांनी २०१५ मध्ये आपल्या चित्रकथांसाठी लाबुबू निर्माण केली. २०१९ मध्ये पॉप मार्ट या चिनी कंपनीने तिचे हक्क घेतले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची की-चेनसारखी अडकवता येणारी मऊ आवृत्ती आली, आणि एप्रिल २०२४ मध्ये ब्लॅकपिंक या कोरियन गायिकागटातील लिसा हिने तिच्यासोबतची छायाचित्रे टाकल्यावर मागणी एकदम उसळली. ही खेळणी मुख्यतः ‘ब्लाइंड बॉक्स’मध्ये, म्हणजे आत कोणता नमुना आहे हे न सांगता बंद केलेल्या खोक्यात विकली जातात. एका मालिकेत साधारणपणे सहा नेहमीचे नमुने असतात आणि शिवाय एक ‘सिक्रेट’, म्हणजे खोक्यावर ज्याची नुसती सावली छापलेली असते असा दुर्मीळ नमुना. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या मालिकेत हा दुर्मीळ नमुना निघण्याची शक्यता ७२ खोक्यांत एक, अशी जाहीर केलेली होती.

आता गणित पाहू. लुडो खेळताना सहा पडण्याची वाट पाहणे सर्वांनी अनुभवले आहे. समजा फाशावरचे सहाही आकडे किमान एकदा पडेपर्यंत फासा टाकत राहायचे आहे. सुरुवातीचे तीन-चार आकडे भराभर पडतात. पण पाच आकडे जमल्यावर उरलेल्या एकासाठी सरासरी सहा वेळा फासा टाकावा लागतो, आणि एकूण हिशेब सरासरी १४.७ फेकींवर जातो. सुटे बंद खोके एकेक करून घेणाऱ्या माणसाचे नेमके हेच होते. सहा बाहुल्यांच्या मालिकेसाठी त्याला सरासरी १५ च्या आसपास खोके घ्यावे लागतात, आणि त्यातल्या नऊ बाहुल्या त्याच्याकडे आधीच असतात. सर्वांत जास्त पैसा शेवटच्या एका बाहुलीवर जातो, आणि तोच टप्पा असा असतो की जिथे थांबणे सर्वांत जड जाते.

दुर्मीळ नमुन्याचे गणित याहून कठोर आहे. ७२ मध्ये एक याचा अर्थ ७२ खोके घेतले की एक मिळणारच, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. खोके स्वतंत्रपणे निवडलेले असतील तर ७२ खोके उघडूनही तो न मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. आधीचे ७१ खोके रिकामे गेले म्हणून बहात्तराव्याची शक्यता कणभरही वाढत नाही, कारण आधी काय निघाले याची आठवण नव्या खोक्याला नसते. ती आठवण फक्त आपल्याला असते, आणि ‘आता निघेलच’ हा भरवसा त्या आठवणीतून येतो.

माहीत असूनही हात का आवरत नाही?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरे आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून एक गोष्ट पक्की झाली. कळ दाबल्यावर दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद होताच प्राणी लवकर थांबतो. पण दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल, तर तो थकेपर्यंत कळ दाबत राहतो. अनिश्चित बक्षिसाची ही पकड माणसावरही बसते. खोका हलवून पाहणे, वजनाचा अंदाज घेणे, चिकटपट्टी हळूहळू सोडवणे आणि आतल्या पाकिटाचा कोपरा फाडून फक्त रंग डोकावून पाहणे, या काही क्षणांतच खरा आनंद दाटलेला असतो. बाहुली हाती आली की तो क्षण संपतो आणि पुढच्या खोक्याची इच्छा उरते. खोका उघडण्याच्या चित्रफिती लाखो लोक पाहतात, त्याचेही कारण हेच आहे. दुसऱ्याच्या हातातला खोका पाहतानाही ती उत्कंठा जाणवते.

दुर्मीळ कोण ठरवते?

या संपूर्ण विषयात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा इथे आहे. जुनी हस्तलिखिते किंवा एखाद्या दिवंगत चित्रकाराची चित्रे दुर्मीळ असतात, कारण ती आणखी निर्माण होऊच शकत नाहीत. कारखान्यात शिवलेले खेळणे दुर्मीळ असते ते कोणीतरी ते कमी शिवायचे ठरवले म्हणून. ठरवणारा उद्या वेगळे ठरवू शकतो.

हे पुरते उलगडून दाखवणारी घटना गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेत घडली. टाय वॉर्नर या उद्योजकाच्या कंपनीने १९९३ मध्ये ‘बीनी बेबीज’ नावाची छोटी मऊ जनावरे बाजारात आणली. त्यांच्या पोटात प्लॅस्टिकचे बारीक दाणे असत, आणि ते मुद्दाम ठासून न भरल्यामुळे खेळणे हातात लुळे पडे, हवे तसे बसवता येई. किंमत साधारण पाच डॉलर, म्हणजे मुलांच्या खाऊच्या पैशांतली. वॉर्नर यांनी जाहिरात जवळपास केलीच नाही, मोठ्या साखळी दुकानांना माल दिला नाही, आणि छोट्या भेटवस्तूंच्या दुकानांनाही प्रत्येक नमुन्याचे मोजकेच नग दिले. ग्राहकाला एकाच दुकानात पूर्ण संच कधी दिसतच नसे. पुढे काही नमुने ‘निवृत्त’ केल्याची घोषणा होऊ लागली, आणि निवृत्त जनावराची किंमत दुसऱ्या हातच्या बाजारात चढू लागली.

तपशिलांना तर सोन्याचे मोल आले. पीनट नावाचा हत्ती १९९५ मध्ये आधी गडद निळ्या रंगात आला आणि काही महिन्यांत फिकट निळा झाला. गडद हत्तीसाठी लोक हजारो डॉलर मोजू लागले. कानाला लटकणारा लाल हृदयाच्या आकाराचा कागदी टॅग दुमडला, तरी किंमत घसरे, म्हणून त्या टॅगला घालायची पारदर्शक प्लॅस्टिकची टोपणे वेगळी विकली जाऊ लागली. टॅगवरच्या कवितेत छपाईची चूक सापडली की तो नमुना अधिक मोलाचा ठरे. एप्रिल १९९७ मध्ये मॅकडॉनल्ड्सने मुलांच्या जेवणासोबत त्यांची लहान आवृत्ती दिली. सुमारे १० कोटी खेळणी पाच आठवडे पुरतील असा अंदाज होता. ती दोनेक आठवड्यांतच संपली, आणि अनेकांनी खेळणे घेऊन जेवण टाकून दिले. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईबे या लिलावाच्या संकेतस्थळाच्या आरंभीच्या वर्षांत तिथल्या विक्रीतला सुमारे १० टक्के हिस्सा एकट्या बीनी बेबीजचा होता. १९९९ मध्ये लास व्हेगासच्या एका न्यायालयात घटस्फोट घेणाऱ्या जोडप्याने आपला संग्रह जमिनीवर मांडून न्यायाधीशांसमोर एकेक खेळणे उचलत वाटून घेतले. त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे, आणि ते हास्यास्पद म्हणून दाखवले जाते. मला त्यात दोन माणसांचा भरवसा दिसतो: ही खेळणी म्हणजे संपत्ती आहे, असे त्यांना मनापासून वाटत होते.

ऑगस्ट १९९९ च्या अखेरीस कंपनीने जाहीर केले की ३१ डिसेंबरला सर्व बीनी बेबीज निवृत्त होतील. ‘द एंड’ नावाचे काळे अस्वलही आले. वर्षाच्या शेवटी मात्र कंपनीने लोकांचे मत मागवले, बहुमत चालू ठेवण्याच्या बाजूने पडले आणि उत्पादन चालू राहिले. कायमचे म्हणून सांगितलेले निर्मात्याच्या एका निर्णयाने बदलू शकते, हे तेव्हा सर्वांना दिसले. भाव पडले आणि बहुतेक नमुन्यांच्या बाबतीत पुन्हा वर आले नाहीत. आज त्यांतले बरेचसे काही डॉलरना मिळतात. अगदी सुरुवातीचे, टॅग शाबूत असलेले मोजके नमुनेच खऱ्या अर्थाने मोलाचे राहिले आहेत.

पण किमती तर वाढलेल्या दिसतात; मग ही गुंतवणूक का नाही?

हा आक्षेप रास्त आहे. सुरुवातीला घेऊन वेळेवर विकणाऱ्या काहींनी खरोखर पैसा कमावला. अडचण अशी की आपल्याला दिसणारी किंमत बहुधा मागितलेली असते, मिळालेली नसते. कोणीही आपल्या बाहुलीसाठी कितीही मोठा आकडा लिहू शकतो. तो आकडा पाहून दुसरा तसाच आकडा लिहितो, आणि एकही व्यवहार न होता ‘बाजारभाव’ तयार होतो. पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर पूर्ण झालेल्या व्यवहारांची यादी वेगळी पाहता येते. तिच्यातील आकडे बरेचदा पुष्कळ खाली असतात, त्यातूनही संकेतस्थळाचे शुल्क आणि टपालखर्च वजा होतो.

दुसरी अडचण मनाची आहे. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे कप भेट दिले आणि ते कितीला विकाल असे विचारले. बाकीच्यांना कितीला घ्याल असे विचारले. ज्यांच्या हातात कप होता त्यांनी घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट किंमत सांगितली. एखादी वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्या नजरेत चढते. संग्राहकाच्या कपाटातील प्रत्येक बाहुलीला हा नियम लागू आहे, आणि म्हणूनच भाव उतरत असतानाही तो विकत नाही.

तिसरी अडचण पुरवठ्याची. लाबुबूची निर्माती पॉप मार्ट ही हाँगकाँगच्या शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत तिचे उत्पन्न १,३८८ कोटी युआन होते आणि त्यातले ४४ टक्क्यांहून अधिक मऊ खेळण्यांतून आले. अशा कंपनीचा फायदा अधिक विकण्यात असतो. तिने मऊ खेळण्यांचे मासिक उत्पादन वर्षभरात दहा पटींहून अधिक वाढवून सुमारे ३ कोटी नगांवर नेले. जून २०२५ मध्ये माल मोठ्या प्रमाणात पुन्हा उपलब्ध होताच चीनमधील पुनर्विक्रीचे भाव घसरले. यात कंपनीने कोणाला फसवले असे मी म्हणणार नाही. खेळणे मूळ किमतीला अधिक लोकांना मिळाले, हे चांगलेच झाले. तोटा झाला तो चढ्या भावाने साठा करून ठेवलेल्यांचा.

हा जुगार आहे का?

कायद्याच्या भाषेत बहुतेक ठिकाणी नाही, कारण पैशाच्या बदल्यात दर वेळी काहीतरी वस्तू मिळतेच. पण मिळणाऱ्या वस्तूंच्या पुनर्विक्रीच्या किमतीत मोठी तफावत असेल, तर खरेदी आणि पैज यांतले अंतर फार कमी होते, असे माझे मत आहे. चीनच्या बाजार नियमन प्रशासनाने जून २०२३ मध्ये बंद खोक्यांसाठी मार्गदर्शक नियम काढले. आठ वर्षांखालील मुलांना असे खोके विकू नयेत आणि प्रत्येक नमुना निघण्याची शक्यता जाहीर करावी, अशा तरतुदी त्यांत आहेत. शक्यता छापणे चांगलेच, पण ७२ मध्ये एक याचा खरा अर्थ वाचणाऱ्याला कळत नसेल तर त्या आकड्याचा उपयोग मर्यादित राहतो. मुलांच्या बाबतीत मी अधिक कडक राहीन. पैशाची किंमत आणि शक्यतेचे गणित या दोन्ही गोष्टी ज्या वयात अजून शिकायच्या असतात, त्या वयात अनिश्चित बक्षिसाची सवय लागू देऊ नये.

ती अपशकुनी असल्याच्या बातमीचे काय?

लाबुबू ही प्राचीन मेसोपोटेमियातील पझुझू या असुराची प्रतिमा असल्याचा संदेश २०२५ मध्ये सर्वत्र फिरला आणि काहींनी भीतीपोटी बाहुल्या जाळल्या. या दाव्याला आधार नाही. कासिंग लुंग यांनी आपली प्रेरणा लहानपणी वाचलेल्या उत्तर युरोपातील लोककथांमधली असल्याचे सांगितले आहे. टोकदार दातांमुळे चेहरे सारखे वाटतात, एवढेच.

नकली बाहुलीने काय बिघडते?

भीती बाळगायचीच असेल तर ती इथे बाळगावी. मागणी वाढताच नकली लाबुबूंचा सुळसुळाट झाला. त्यांना ‘लाफुफू’ असे नावही पडले. अस्सल बाहुलीला नऊ दात असतात, म्हणून संग्राहक आधी दात मोजतात, मग शिवण, पायाखालची मुद्रा आणि खोक्यावरचा क्यूआर कोड तपासतात. पण प्रश्न अस्सलपणाच्या अभिमानापुरता नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये इशारा दिला की नकली बाहुल्या सहज सुटतात, त्यांचे तुकडे लहान मुलाच्या घशात अडकू शकतात आणि बाहुली अख्खीच तोंडात जाण्याइतकी लहान असू शकते. घरात तान्हे मूल असेल तर ‘दिसायला तीच, पण स्वस्त’ या मोहात पडू नये.

ज्याला खरोखर हवी आहे त्याने काय करावे?

हवा असलेला नमुना उघड्यावर, डोळ्यांनी पाहून विकत किंवा अदलाबदलीने घेतला, तर बंद खोक्याचे सारे गणित बाजूला पडते. संग्राहकांच्या गटांत दुहेरी झालेल्या बाहुल्यांची देवघेव चालते, आणि त्यामुळे तो १५ खोक्यांचा सरासरी आकडा झपाट्याने खाली येतो, कारण एकाला नको असलेली बाहुली दुसऱ्याची शेवटची असते. लाबुबूसारख्या मालिकांत सहा खोक्यांचा सीलबंद संचही मिळतो. त्यात एकही नमुना दोनदा येत नाही, आणि दुर्मीळ नमुना आला तर तो नेहमीच्या एखाद्याच्या जागी येतो. ७२ मध्ये एक याचा अर्थ अशा सुमारे १२ संचांत एक. त्यामुळे नेहमीच्या सहा बाहुल्या हव्या असणाऱ्याने एक संच घ्यावा आणि तिथे थांबावे. दुर्मीळ नमुन्यासाठी दुसरा संच घेणाऱ्याने आधी हे मनाशी पक्के करावे की त्याही संचात तो न निघण्याची शक्यता बारात अकरा आहे.